ओपल काकूचं शिधाघर

आमच्या कॉर्लिस फेरीत गरजूंना फुकट शिधा देणारी दोन घरं होती, आणि दोन्ही एकाच भांडणातून निघाली होती. नदीच्या बाजूला बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात माझ्या ओपल काकूचं, आणि टेकडीवर कॅथलिक चर्चच्या जुन्या शाळेत वेरॉनिका सोबोटाचं. गाडीनं गेलं तर मधे पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं. पण काकूच्या रांगेतला माणूस टेकडी चढायचा नाही आणि टेकडीवरचा खाली उतरायचा नाही, मग घरात पाव असो की नसो.

भांडण काचकारखान्याच्या संपाचं. मी तेव्हा तिसरीत होते. कारखान्यात बाटल्या बनायच्या आणि गावातली निम्मी घरं त्या भट्ट्यांवर जगायची. संप लांबला, हिवाळा आला, तेव्हा काकूनं चर्चच्या तळघरात मोठं पातेलं चढवलं. शाळा सुटली की संपकऱ्यांची पोरं तिथं जेवायची. मीही त्यातलीच. माझा बाप टेक्सासला काम शोधायला म्हणून गेला तो परत आलाच नाही, आणि आई एका मोटेलात चादरी बदलायला जायची. तो हिवाळा मी काकूच्या पातेल्यावर काढला. काका, म्हणजे डेन्झिल काका, कारखान्याच्या फाटकावर संपकऱ्यांच्या पहाऱ्याला असायचा, कुणी कामावर आत जाऊ नये म्हणून. पिंपात लाकडं पेटवून ते लोक रात्रंदिवस तिथं उभे असत.

एमिल सोबोटा हा पहारा मोडून आत कामावर गेला. आत जाणारा तो पहिला नव्हता. पण तो काकाच्या भट्टीवर, काकाच्या शेजारी उभा राहून बारा वर्षं काम केलेला माणूस, म्हणून त्याचं जाणं काकाला सगळ्यांत जास्त झोंबलं. एमिलचं तान्हं मूल आजारी होतं आणि संपाबरोबर कारखान्याकडून मिळणारा औषधोपचाराचा विमा बंद झाला होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, ऐकून घ्यायचं मात्र कुणालाच नव्हतं. मग एक दिवस सोबोटांच्या खिडकीची काच फोडून वीट आत आली आणि पाळण्याच्या शेजारी पडली. कुणी मारली ते कळलं नाही, म्हणजे पोलिसांना कळलं नाही.

संप फसला. पुढे काही वर्षांनी कारखानाच बंद झाला, आणि संपकरी आणि फितूर एकाच दिवशी घरी बसले. काकूच्या पातेल्याचं तोवर शिधाघर झालं होतं. डबे, मक्याचं पीठ, सरकारकडून वाटायला येणारं चीज असं काय काय मिळायचं. दारात काकू आडनाव विचारायची. संप फोडलेल्या घरातलं आडनाव निघालं तर माणूस रिकाम्या हातानं परत. म्हणून वेरॉनिकानं, एमिलच्या बायकोनं, टेकडीवर दुसरं शिधाघर काढलं. ती आडनाव विचारायची नाही, पत्ता विचारायची. नदीकाठच्या गल्लीचा पत्ता आला की तिच्याकडचा माल नेमका संपलेला असायचा.

तीस वर्षं हे असंच चाललं. काका गेला, अर्धं गाव दुसरीकडे गेलं, उरलेल्यांची नातवंडं एका शाळेत शिकून एकमेकांत लग्नंही करू लागली. पण दोन्ही दारं होती तशीच राहिली.

मग कोलंबस शहरातून ग्रेटा लिंडक्विस्ट नावाची बाई आली. ती एका मोठ्या न्यासाची माणूस. त्यांना नदीकाठच्या गावांमध्ये भुकेसाठी पैसा लावायचा होता, आणि तोही वर्षा-दोन वर्षांचा नव्हे, दहा वर्षांचा. ज्यानं शिधाघर चालवलंय त्यालाच या शब्दाची किंमत कळेल. आम्ही आजवर जो पैसा पाहिला तो नाताळाला यायचा आणि ईस्टरला संपायचा. त्यातून कुणाला भाड्याचा करार करता येत नाही, की दूधवाल्याला दर आठवड्याला दूध घालत जा म्हणून सांगता येत नाही. दहा वर्षांच्या पैशात जुन्या किराणा दुकानाची इमारत येत होती, शीतखोली येत होती, एक गाडी आणि एका माणसाचा पगार येत होता. अटी दोनच. गावात शिधाघर एकच असेल, आणि दारात कुणाला काहीही विचारलं जाणार नाही.

काकू पहिल्याच बैठकीत उठून गेली. वेरॉनिका उठली नाही, पण तिनं लिंडक्विस्टबाईंना सांगितलं की तुम्ही चांगल्या घरच्या दिसता, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय मागताय.

तरी दोघींना यावं लागलं. टेकडीवरची शाळा बिशपनं विकायला काढली होती. काकूच्या तळघरात दर मोठ्या पावसात पाणी शिरत होतं आणि तिच्या हाताखालच्या बायका आता जिने उतरताना भिंत धरायच्या. व्यवस्थापक कोण यावर महिनाभर अडलं. शेवटी माझं नाव आलं. मी सिनसिनाटीला एका गोदामात हिशेबाचं काम करून नुकतीच गावात परतले होते. वेरॉनिका मला हो म्हणाली, कारण संपाच्या वेळी मी लहान होते. काकू हो म्हणाली, कारण मी टॅकेट होते, तिच्याच आडनावाची. तिला वाटलं, दार कुणाचंही असो, कडी आपल्या हातात राहील.

सह्या झाल्या त्या दिवशी काकू मला म्हणाली, "हे दहा वर्षांचे पैसे म्हणजे तुला वाटतं की आपण त्यांच्याकडून घेतोय. तसं नाही मार्ला. त्यांनी आपल्याला घेतलंय."

पहिली दोन वर्षं मी त्या इमारतीत कशी काढली ते माझं मला ठाऊक. एकाच खोलीत दोन कॉफीची भांडी होती. टेकडीवरच्या बायकांनी लावलेले डबे नदीकडच्या बायका काढून पुन्हा लावायच्या. काकूच्या खिडकीसमोर नदीकडची रांग आणि वेरॉनिकाच्या खिडकीसमोर टेकडीची, अशा दोन रांगा आपोआप लागल्या. मी एकच रांग करायचा दोर बांधला, तर दुसऱ्या दिवशी दोर कापलेला. कुणी कापला असं दोघींना विचारलं. काकू म्हणाली, उंदीर. वेरॉनिका म्हणाली, नदीकाठचा उंदीर.

पण माल जात होता. शीतखोलीत दूध होतं, अंडी होती, शिकारी लोक हंगामात हरणाचं मांस आणून देत होते. आधी ज्या पोरांना आठवडाभर मॅकरोनी मिळायची त्यांना सफरचंदं मिळत होती. दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, तरी दोघी सकाळी सगळ्यांच्या आधी दारात हजर असायच्या. कुणी आधी पोचायचं यावरही त्यांची चढाओढ होती. मी मनाशी म्हटलं, हे असंच चालणार असेल तर चालू दे. प्रेम हवंय अशी अट न्यासानं घातलेली नाही.

तिसऱ्या वर्षी एमिल आला.

एमिलची फुप्फुसं कारखान्यानं खाल्ली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी आणि मागे चाकांवरचं नळकांडं ओढत तो यायचा. वेरॉनिकाचा नियम होता की शिधाघरात काम करणाऱ्यानं तिथून घरी काही न्यायचं नाही, आणि तो नियम ती स्वतःला सगळ्यांत आधी लावायची. त्यांचं औषधपाण्यात सगळं जात होतं, तेव्हा एमिलनं ठरवलं की आपण चार लोकांसारखं रांगेत उभं राहायचं. इथवर ठीक होतं. पण तो उभा राहिला काकूच्या खिडकीसमोर.

काकूनं त्याला पाहिलं, हातातला डबा खाली ठेवला आणि मागच्या खोलीत निघून गेली. दुसऱ्या बाईनं त्याला शिधा दिला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा तिथंच. त्याच्या पुढच्याही. मी एकदा त्याला बाजूला घेऊन म्हटलं की एमिलकाका, तुमच्या बायकोची खिडकी चार हातांवर आहे, कशाला मुद्दाम इकडे येता. तो दम लागत लागत म्हणाला की आता गावात शिधाघर एकच आहे ना, मग कुठल्याही खिडकीवर माझा हक्क आहे. त्याच्या डोळ्यांत गंमत नव्हती. तो भांडायलाच येत होता. हातपाय चालत होते तेव्हा जे भांडण त्याला भांडता आलं नाही, ते तो आता ऑक्सिजन लावून भांडत होता.

आणि मग तो मंगळवार. इमारत माणसांनी भरलेली. एमिलची पाळी आली, आणि काकू या वेळी आत गेली नाही. तिनं दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले.

"तुला कारखान्याचं मागचं फाटक माहीत आहे ना?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्या खोलीत पोचला. "तेव्हा तिकडून जात होतास. आताही मागच्या दारानं जा. तिथं कुणीतरी देईल तुला."

एमिल पिशवी धरून उभाच राहिला. श्वास गोळा करायला त्याला वेळ लागला.

"माझ्या पोरीच्या पाळण्याशेजारी वीट पडली होती, ओपल. तुझ्या नवऱ्यानं मारलेली."

"वीट लहान होती," काकू म्हणाली.

वेरॉनिका तिच्या खिडकीत पिठाच्या पिशव्या लावत होती. तिनं हातातली पिशवी हळूच ठेवली, एप्रन काढला, त्याची घडी केली आणि एमिलचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन गेली. जाताना माझ्या टेबलाशी थांबली. ती म्हणाली की उद्या सकाळी त्या खिडकीत ती बाई दिसली, तर मी माझी सगळी माणसं घेऊन जाईन आणि का जाते ते कोलंबसला कळवीन. पुढे म्हणाली, "तू टॅकेट आहेस हे मला माहीत आहे. म्हणून विचारत नाही, सांगते."

त्या दिवशी काम आटोपल्यावर मी काकूला शीतखोलीत गाठलं. ती अंडी मोजून कपाटात लावत होती. मी सांगितलं की तू उद्यापासून यायचं नाहीस. तिनं मागे वळून पाहिलंही नाही.

"कुणी सांगितलं? न्यासानं की तिनं?"

"मी सांगते आहे."

"तू." ती अंडी लावतच राहिली. "मी हे काढलं तेव्हा तू चमच्यानं जेवत होतीस."

"काकू, दारात कुणाला काही विचारायचं नाही यावर तू सही केलीस. आणि त्या माणसाला तू जे बोललीस ते..."

"खरं बोलले. वीट लहानच होती. मोठी असती तर मोठी म्हटलं असतं." तिनं कपाटाचं दार लावलं. "तुझा बाप याच लोकांमुळे गेला. संप तुटला नसता तर तो परत आला असता. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. जा, दे त्यांना अंडी."

माझा बाप टेक्सासला दुसऱ्या बाईबरोबर राहत होता हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी तसं बोलले. तिनं कोट चढवला, आणि त्यानंतर ती त्या इमारतीत आली नाही.

महिन्याभरात तिनं आपल्या गॅरेजमध्ये स्वतःचं शिधाघर उघडलं. काकाची जुनी गाडी विकून टाकली आणि त्या जागेत फळ्या ठोकल्या. तिच्या चर्चमधल्या काही बायका तिच्याकडे गेल्या, काही माझ्याकडे राहिल्या. दारात खुर्ची टाकून ती पुन्हा आडनाव विचारू लागली. नदीकडचे म्हातारे तिच्याकडे मानानं जायचे, डबे घ्यायचे, आणि मग गुपचूप गाडी वळवून दुधासाठी आमच्याकडे यायचे. हे तिला कळत होतं. तिच्या गॅरेजच्या खिडकीतून आमच्या वाहनतळाचा रस्ता सरळ दिसायचा.

थंडी वाढली तेव्हा मी तिच्या जावयाच्या हाती दूध आणि अंड्यांची खोकी पाठवली. माझ्या नावानं नाही, कुणाच्याच नावानं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिथून गेले तर खोकी रस्त्याच्या कडेला बर्फात ठेवलेली होती. दूध गोठून फुगलं होतं, अंडी तडकली होती. तिनं फेकली असती तर मला राग आला नसता. ती नीट एकावर एक रचून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावीत अशी. मी पुन्हा काही पाठवलं नाही.

लिंडक्विस्टबाईंना गॅरेजचं कळायचं ते कळलंच. त्या वर्षाच्या पाहणीला आल्या तेव्हा त्यांनी सौम्य आवाजात विचारलं की गावात आता पुन्हा दोन झाली आहेत का. मी म्हटलं की एक बाई स्वतःच्या गॅरेजमध्ये स्वतःचे डबे वाटते, तिला तुम्हीही थांबवू शकत नाही आणि मीही. त्या म्हणाल्या, अट स्पष्ट आहे, विश्वस्त प्रश्न विचारतील. मला त्या दिवशी फार राग होता, त्यांचा कमी आणि बाकीच्यांचा जास्त, पण निघाला त्यांच्यावर. मी म्हटलं, "दहा वर्षांचा शब्द दिलात म्हणून मी माझ्या काकूला घराबाहेर काढावं तसं काढलं. आता तिसऱ्या वर्षी तुम्ही मागे फिरणार असाल तर आजच सांगा, म्हणजे मी निदान तिची माफी मागायला मोकळी होईन."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या की त्या विश्वस्तांशी बोलतील, आणि माझा आवाज मी जरा खाली ठेवला तर बरं. पैसा थांबला नाही. पण त्यानंतर आमच्यात पूर्वीसारखं बोलणं कधी झालं नाही.

पुढच्या शरदात एमिल गेला. वेरॉनिकानं मला फोन करून सांगितलं की अंत्यविधी मंगळवारी आहे, त्या दिवशी शिधाघर बंद ठेव. मंगळवार हा आमचा सगळ्यांत गर्दीचा दिवस. पण टेकडीकडची सगळी माणसं चर्चमध्ये असणार होती, आणि उरलेल्या तीन-चार म्हाताऱ्यांवर तो दिवस निघणं शक्य नव्हतं. मी हो म्हटलं आणि विचारलं की मी अंत्यविधीला आले तर चालेल का. ती म्हणाली, "नको. तू वाईट नाहीस. पण त्याच्या शवपेटीजवळ टॅकेट नको."

म्हणून मंगळवारी मी दारावर पाटी लावून गाडीत बसून राहिले. लोक येत होते, पाटी वाचत होते, गाडी वळवत होते. पगाराचा आठवडा लांब होता आणि थंडीचा पहिला कडाका पडला होता. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की वळलेल्या गाड्या घरी जात नाहीत. त्या सगळ्या नदीच्या रस्त्याला लागत होत्या. मी त्यांच्या मागे गेले.

काकूच्या घरापासून कोपऱ्यापर्यंत गाड्या उभ्या होत्या. गॅरेजचं दार वर केलेलं, ती खुर्चीत बसलेली, मांडीवर काकाचा जाड कोट. इतकी माणसं तिच्या दारात संपाच्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच आली असतील. ती ताठ बसली होती. मी रस्त्याच्या पलीकडे गाडी थांबवली आणि काच खाली केली.

काही लोकांना तिनं दिलं. आडनाव ऐकायची, मान हलवायची, मागची बाई खोकं आणून ठेवायची. मग एक तरुण मुलगी आली, कडेवर पोर घेऊन. तिनं आडनाव मारेक सांगितलं.

"कुठले मारेक?" काकूनं विचारलं.

"टेकडीवरचे. माझ्या नवऱ्याचे आजोबा कारखान्यात होते."

"कुठं होते ते माहीत आहे मला."

"मला त्यातलं काही ठाऊक नाही हो आजी. मी इंडियानाची. आज तिकडचं बंद आहे म्हणून आले. नुसतं पीठ दिलंत तरी चालेल."

"ज्याला ठाऊक आहे त्याला जाऊन विचार," काकू म्हणाली. "पुढचा या."

मुलगी तिथंच उभी राहिली, ऐकण्यात चूक झाली असावी अशी. मग वळली. पुढचा होता हर्शेल डॉब्स, काकाबरोबर फाटकावर पहारा दिलेला, काठी टेकत चालणारा. त्याच्यासमोर खोकं आलं. त्यानं ते उचललं, काठी काखेत धरली आणि त्या मुलीच्या गाडीकडे निघाला.

"हर्शेल," काकू म्हणाली, "ते संपकऱ्यांचं आहे."

"मी संपकरी आहे. मला दिलंस ना? आता माझं झालं."

"तूच दारात उभा राहायचास तेव्हा. त्यांच्या पोरांना हाकलायला तूच असायचास."

हर्शेल थांबला. "होतो ना," तो म्हणाला. "आता माझी नातसून त्यातलीच आहे. घरी गेल्यावर तिला काय सांगू?"

त्यानं खोकं गाडीच्या मागच्या बाकावर ठेवलं आणि काही न घेता चालत निघून गेला. त्याच्यानंतरच्या एका बाईनं तसंच केलं. एक माणूस मात्र जमिनीवर थुंकला आणि म्हणाला, ओपल बरोबर आहे, फितुरांची पिलं फितूरच. त्यावर मागचा कुणीतरी त्याला आईवरून बोलला, आणि रांगेत ढकलाढकली सुरू झाली. माझ्या वयाची माणसं, एका वर्गात बसलेली, एकमेकांच्या कॉलरी धरत होती ती त्यांच्या आजोबांच्या नावानं. पोरं गाडीच्या काचांना नाक लावून बघत होती.

काकू उठली. तिनं आपल्या हातानं गॅरेजचं दार खाली ओढलं, निम्मी रांग बाहेर असताना. कुणीतरी दारावर लाथ घातली. पत्रा बराच वेळ वाजत राहिला. हळूहळू लोक पांगले, शिव्या देत, रिकाम्या हातानं.

मी तिथंच होते. थोड्या वेळानं ती बाजूच्या दारानं बाहेर आली आणि रस्ता ओलांडून माझ्या गाडीशी उभी राहिली. मी बाहेर उतरू लागले तर तिनं दारावर हात ठेवून मला बसवलं.

"बघून झालं? आता लिही त्या बाईला. म्हणावं, म्हातारी हरली."

"मी काही लिहिणार नाही काकू."

"लिहिशील. तुझा पगार त्याचाच आहे." ती वाकली. जवळून तिचा चेहरा फार म्हातारा दिसत होता, पण डोळे कोरडे होते. "त्या हिवाळ्यात पातेल्यातलं खालचं, घट्ट, मी तुला वाढायचे. वरचं पाणी बाकीच्यांना. डेन्झिलच्या बहिणीच्या पोरांनासुद्धा पाणीच. तेव्हा मला वाटलं की ही आपली आहे."

मी म्हणू शकले असते की त्या बाकीच्या पोरांना पाणी चालेल का असं तरी कुणी विचारलं होतं का. पण मी गाडी सुरू केली आणि निघाले. मागे वळून बघावं असं मला वाटलं नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी तिचा जावई छोटा ट्रक घेऊन आमच्या मागच्या दाराशी आला. गॅरेजमधलं सगळं, डबे, पीठ, पास्ता, पीनट बटरच्या बरण्या, त्यानं उतरवून भिंतीशी ठेवलं. काकू काय म्हणाली असं मी विचारलं. तो म्हणाला, काही नाही, गाडी भर म्हणाली. मग घाईघाईनं निघून गेला. त्याची बायको, म्हणजे काकूची लेक, टेकडीवरच्या नव्या शाळेत शिकवते आणि त्याला दोन्हीकडे राहायचं आहे.

वेरॉनिका नवरा गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर आली होती. काळे कपडे, त्यावर तोच घडीचा एप्रन. हा माल कुठला ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं स्टूल ओढलं आणि एकेक डबा उचलून त्यावरची तारीख वाचू लागली. अख्खी दुपार वाचत बसली. मला वाटतं एखादं खोकंभर तरी सडलेलं निघावं अशी तिची इच्छा होती. पण काकूचा माल चोख होता. तीन डबे तारीख उलटलेले निघाले. ते तिनं कचऱ्यात टाकले, चांगले आपटून. बाकीचे फळीवर नीट लावले.

"हे कुणाकडचं ते रांगेत सांगू नकोस," ती मला म्हणाली. "आमचे लोक हात लावणार नाहीत."

मी नाही सांगितलं. मंगळवारी सगळं गेलं.

आता सहावं वर्ष चालू आहे. लिंडक्विस्टबाई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी एक तरुण आलाय, त्याला संप वगैरे काही सांगितलेलं नाही आणि त्यानंही विचारलेलं नाही. रांग एकच आहे. कॉफीचं भांडंही एकच आहे, कारण दुसरं फुटलं आणि कुणी नवं आणलं नाही. वेरॉनिका आणि मी दिवसभर बोलतो ते फक्त मालाबद्दल.

काकू जिवंत आहे, धडधाकट आहे. थंडीत मी तिला औषधांच्या दुकानात पाहिलं. औषधाच्या बरणीचं घट्ट झाकण उघडून दे म्हणून ती दुकानातल्या पोराला सांगत होती. मी दोन पावलांवर होते. तिनं मला पाहिलं आणि बरणी तशीच बंद पिशवीत टाकून बाहेर गेली.